मयत खातेदाराची पत्नी, वारसनोंद आणि खोटे दस्त

खातेदार मयत झाला म्हणजे त्याच्या जमिनीचें पुढें काय, हा प्रश्न आपल्याकडे दहाव्या-तेराव्यानंतर ओसरीवर निघतो. बोलणारे असतात थोरला मुलगा, दीर, पुतणे, आणि अलीकडे जमिनीचा एखादा दलालही. कायद्यानें जी पहिल्या वर्गाची वारस, ती मयताची पत्नी त्या बैठकींत बहुधा नसते. चार दिवसांनीं तिच्यापुढें एक कागद येतो व "नांव लावायचें आहे, येथें अंगठा करा" असें सांगण्यांत येतें. तो कागद कोणता, हें तिला कोणी वाचून दाखवीत नाहीं.

हवेली, मावळ व खेड या तालुक्यांत ही चाल नवी नव्हे. परंतु जमीन जोंपर्यंत बाजरी, भुईमूग व कांदा एवढेंच देत होती, तोंपर्यंत नांव राहिलें अगर गळलें तरी विधवेच्या भाकरीस बहुधा बाध येत नसे. पुढें दिवस पालटले. १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स कंपनीचा कारखाना पिंपरीस उभा राहिला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. पिंपरी-चिंचवडची १९७० सालची नगरपालिका १९८२ सालीं महानगरपालिका झाली. आणि मग इंद्रायणी व भामा या नद्यांच्या मधल्या चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आले. एकरानें बोलली जाणारी जमीन गुंठ्यानें बोलली जाऊं लागली. ज्या नांवाकडे पूर्वी कोणी पाहत नसे, त्या एका नांवासाठीं आतां भाऊबंद कोर्टाची पायरी चढतात, आणि कांहीं जण त्याहून वाईट मार्ग धरतात.

प्रस्तुत लेखकाची उमेदीचीं वर्षें महसुली कचेरींत फेरफाराचे कागद चाळण्यांत गेलीं. तेथें जें दिसलें त्यावरून एक गोष्ट मनांत पक्की ठसली आहे, व ती सांगण्याकरितांच हा लेख आहे. विधवेचा हक्क पतीच्या मरणाच्या क्षणींच कायद्यानें उत्पन्न होतो. तो कोणी द्यावा लागत नाहीं. परंतु तो हक्क सरकारी दप्तरांत उतरेपर्यंत जो काळ जातो, त्या काळांतच बहुतेक फसवणुकी होतात. सबब हा काळ जितका थोडा ठेवतां येईल तितका ठेवावा, आणि त्या काळांत बाईनें कोणत्या कागदावर सही करावी व कोणत्यावर करूं नये, हें घरांतील सर्वांस ठाऊक असावें.

प्रथम हक्क किती, तें पाहूं. १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेस मुलाइतका हिस्सा दिला, पण तो मर्यादित. ती हयात असेपर्यंत उपभोग घ्यावा, विकूं नये, अशा प्रकारचा. आजही पारावर "बाईला खाण्यापुरता हक्क" असें जें बोललें जातें, तें त्या काळचें उरलेलें बोलणें आहे. १७ जून १९५६ पासून हिंदु वारसा कायदा अमलांत आला व त्याच्या कलम १४ नें स्त्रीस तिच्या मिळकतीची पूर्ण मालकीण केलें. पती मृत्युपत्र न करतां वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतींत पत्नी, मुलगे, मुली व मयताची आई हयात असल्यास ती, या सर्वांस समान हिस्सा येतो.

वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे, आणि तो समजून घेण्यास आपल्याच राज्यांतील एक खटला फार उपयोगी पडतो. सांगलीच्या दिवाणी न्यायालयांत हिराबाई खंडाप्पा मगदूम या विधवेनें वांटणीचा दावा लाविला होता. पती २७ जानेवारी १९६० रोजीं वारले; मागें पत्नी, दोन मुलगे व तीन मुली. मुलाचा बचाव असा कीं, १९५२ व १९५४ सालींच वांटण्या होऊन गेल्या आहेत. न्यायालयानें तो मानला नाहीं. मग प्रश्न उरला हिश्श्याचा. खालच्या कोर्टानें बाईंस चोविसावा हिस्सा दिला. उच्च न्यायालयानें सात चोविसांश दिला, आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तोच कायम केला. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घराण्याचें मूळ गांव आपल्या खेड तालुक्यांतील कनेरसर, हें जातां जातां सांगण्यास हरकत नाहीं.

हा फरक किती मोठा, तें गुंठ्यांत पाहावें. समजा, जमीन सहा एकर, म्हणजे २४० गुंठे आहे. चोविसावा हिस्सा म्हणजे १० गुंठे. सात चोविसांश म्हणजे ७० गुंठे. हे ७० आले कोठून? कायदा असें मानतो कीं, पतीच्या मरणाच्या लगेच आधीं एक कल्पित वांटणी झाली. त्या वांटणींत पती, पत्नी व दोन मुलगे असे चार हिस्से पडले. पत्नीचे स्वतःचे ६० गुंठे झाले. नंतर पतीच्या ६० गुंठ्यांचे सहा वारसांत सहा भाग झाले. त्यांतले १० तिला आणखी मिळाले. खालच्या कोर्टानें हे दुसरे १० तेवढे दिले व पहिले ६० सोडून दिले होते. आजही गांवोगांवचे हुशार म्हणविणारे लोक विधवेचा हिशेब सांगतांना नेमके हेच ६० गुंठे विसरतात, आणि हें विसरणें नेहमीं अजाणतां होतें असें म्हणवत नाहीं.

९ सप्टेंबर २००५ पासून मुलींस मुलांप्रमाणेंच जन्मतः हक्क आला, व बाप त्या दिवशीं हयात असो वा नसो, मुलीचा हक्क राहतो असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा यांच्या खटल्यांत ठरविलें. त्यामुळें त्याच कुटुंबांतील पती आज वारला, तर कल्पित वांटणीचे हिस्से चार न पडतां सात पडतील. पतीच्या सातव्या हिश्श्याचे पुन्हां सहा भाग होतील. आणि हिशेब करून पाहिला असतां पत्नीस, दोन्ही मुलांस व तिन्ही मुलींस प्रत्येकीं ४० गुंठे, म्हणजे बरोबर एक एकर येईल. मयताची आई हयात असेल तर हे आंकडे बदलतील. मुसलमान विधवेस मुलेंबाळें असल्यास आठवा व नसल्यास चौथा हिस्सा त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणें मिळतो. पत्नी आधीं वारली तर तिच्या मिळकतींत पती मुलांबरोबर वारस असतो; मात्र तिला माहेरच्या आईबापांकडून वारशानें आलेली जमीन, ती निपुत्रिक वारल्यास, माहेरच्या वारसांकडे परत जाते.

आणखी एक गैरसमज येथेंच दूर केलेला बरा. पतीच्या मृत्यूनंतर विधवेनें दुसरा विवाह केला म्हणून आलेला हिस्सा जात नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं हें स्पष्ट केलें आहे. तरीही "तिनें पाट लावला, नांव कमी करा" असे अर्ज कचेरींत येत असत.

आतां दप्तराकडे वळूं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४९ प्रमाणें वारशानें हक्क मिळालेल्या माणसानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. वर्दी तोंडीही चालते, पण ती लेखी द्यावी व पोंच घ्यावी. पोंच देणें तलाठ्याचें काम आहे. त्यांत उपकार नाहीं. हल्लीं तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात व ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करतां येतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून दाखला घ्यावा, कारण त्यावांचून पुढचें कांहीं होत नाहीं. वर्दीवरून वारसांची नोंद गांव नमुना ६-क मध्यें होते; नंतर नमुना ६ मध्यें फेरफार पडतो; चावडींत नोटीस लागते व हितसंबंधी माणसांस कळविण्यांत येतें; पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडल अधिकारी फेरफार प्रमाणित करतात, आणि मग सातबाऱ्यावर नांव चढतें. तीन महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाहीं. उशिरां वर्दी देतां येते. पण उशीर ज्यांच्या उपयोगी पडतो, ते लोक त्या अवधींत स्वस्थ बसत नाहींत.

या साऱ्या मार्गांत खोडी होण्याच्या जागा कोठें आहेत, तें सांगतों. पहिली जागा वर्दीचीच. थोरला मुलगा प्रतिज्ञापत्र करतो कीं मयतास आपण एकटेच वारस. किंवा आई व भाऊ दाखवितो, पण बहिणी गाळतो. दुसरी जागा याहून सूक्ष्म आहे. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या मुलाच्या नांवापुढें "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशीं अक्षरें आढळतील, व आई-बहिणींचीं नांवें "इतर हक्क" या रकान्यांत टाकलेलीं दिसतील. त्या काळीं हें सोयीसाठीं केलें जाई. पण एक पिढी गेली कीं ए.कु.मॅ. हीं तीन अक्षरें नव्या उताऱ्यावर उतरत नाहींत, इतर हक्कांतील म्हातारीचें नांव तिच्या मरणानंतर सहज कमी होतें, आणि जो व्यवस्थापक होता तो मालक होऊन बसतो. ज्यांच्या घरीं असे उतारे असतील त्यांनीं नमुना ६ मधील मूळ फेरफाराची नक्कल काढून ठेवावी. तींत वारसांचीं सर्व नांवें असतात व तीच पुढें कामास येते. २०२५ सालीं सरकारनें "जिवंत सातबारा" या नांवाची मोहीम काढून मयत खातेदारांचे वारस लावण्याचें काम हातीं घेतलें होतें. ज्यांचे उतारे तेव्हांही तसेच राहिले, त्यांनीं पुढच्या मोहिमेची वाट पाहूं नये.

येथें वाचक विचारतील, फेरफार चुकीचा पडला तर हक्क गेला कीं काय? नाहीं. फेरफाराची नोंद ही सरकारनें सारा कोणाकडून घ्यावा याची नोंद आहे. तिनें मालकी उत्पन्न होत नाहीं व नष्टही होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ पासून पुनःपुन्हां सांगितलें आहे. तथापि त्याच अधिनियमाचें कलम १५७ असें आहे कीं, प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावी. म्हणजे चुकीची नोंद खोटी ठरविण्याचें ओझें बाईच्या डोक्यावर येतें. शिवाय बँक, खरेदीदार व भूसंपादनाची कचेरी हे सर्व प्रथम उताराच पाहतात. महामंडळाच्या वसाहतीसाठीं असो, रस्त्यासाठीं असो, मोबदल्याच्या नोटिसा दप्तरांतील नांवांवरून निघतात. पैसा एकदां वांटला गेल्यावर तो भावाकडून वा मुलाकडून परत काढणें किती कठीण, हें वेगळें सांगावयास नको. सबब संपादनाची नोटीस गांवांत लागली आहे आणि आपलें नांव उताऱ्यावर नाहीं, असें दिसतांच विधवेनें भूसंपादन अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी व आपल्या हिश्श्याचा मोबदला वाद मिटेपर्यंत वांटूं नये, असें मागावें.

आतां दस्तांविषयीं. ज्या एका खुणेनें निम्म्या फसवणुकी ओळखतां येतील, ती खूण अशी: वारसनोंदीसाठीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींत जावें लागत नाहीं. वारसनोंदीचें काम चावडीचें आहे. म्हणून "तुझें नांव लावायला चल" असें सांगून बाईस कोणी दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नेलें, तेथें तिचा फोटो काढला, अंगठ्याचा ठसा घेतला, तर तो कागद वारसनोंदीचा खचित नव्हे. तो हक्कसोडपत्राचा, बक्षीसपत्राचा, मुखत्यारपत्राचा किंवा खरेदीखताचा असतो. हक्कसोडपत्र कायदेशीर कागद आहे व खुषीनें करणाऱ्यानें तो करावा. पण ज्या बाईस पंधरवड्यामागें वैधव्य आलें, तिच्याकडून तो घेण्याची घाई कोणास व कां झाली, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, पतीच्या मृत्यूपासून निदान वर्षभर विधवेनें कोणत्याही नोंदणीच्या कागदावर सही करूं नये. कायद्यांत असा नियम नाहीं. तो घरांत पाळावयाचा आहे. करावाच लागला तर तिच्या माहेरचें एक जाणतें माणूस आणि तिनें स्वतः निवडलेला वकील, हे दोघे तेथें असावेत, आणि दस्त अथपासून इतिपर्यंत मोठ्यानें वाचून घ्यावा.

मुखत्यारपत्राचा घोटाळा आपल्या पट्ट्यांत विशेष आहे. पतीनें हयातींत कोणा दलालास किंवा इमारती बांधणाऱ्यास मुखत्यारपत्र दिलेलें असतें. पती वारला म्हणजे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणें मुखत्यारी संपते. तरी ती चालूच आहे असें दाखवून नंतर खरेदीखत होतें. मुखत्याराचा स्वतःचा पैसा अगर हितसंबंध त्या मिळकतींत गुंतलेला असल्यास कलम २०२ निराळें आहे, म्हणून कागद वकिलास दाखविल्याशिवाय निर्णय करूं नये. परंतु पतीच्या मृत्यूचा दाखला जोडून मुखत्यारास व दुय्यम निबंधकास नोंदणीकृत टपालानें सूचना देण्यास कोणाची आडकाठी नाहीं. ही सूचना पहिल्या आठवड्यांतच जावी. केवळ मुखत्यारपत्र व साठेखत यांवरून जमिनीची मालकी जात नाहीं, असेंही सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं सूरज लॅम्प कंपनीच्या खटल्यांत ठरविलें आहे.

मागील तारखेचें साठेखत हा त्याचाच भाऊ. जुना स्टँपचा कागद कोठून तरी पैदा होतो, त्यावर मयताची सही व नोटरीचा शिक्का असतो, आणि पतीनें मरणापूर्वीं जमीन विकण्याचें कबूल करून इसार घेतला होता असें त्यांत लिहिलेलें असतें. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हें लक्षांत असावें. असा कागद पुढें आल्यास तीन गोष्टी मागाव्या: इसाराची रक्कम कोणत्या बँकेंतून कोणत्या खात्यावर आली, नोटरीच्या नोंदवहींत त्या दिवशीं ही नोंद आहे काय, आणि स्टँप कोणाच्या नांवें, कोणत्या तारखेस विकला गेला. पुष्कळ कागद या तीन प्रश्नांपुढें टिकत नाहींत.

मृत्युपत्राची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तें खरेंही असूं शकतें. पतीस आपली स्वकष्टार्जित मिळकत व वडिलोपार्जितांतील आपला हिस्सा मृत्युपत्रानें कोणासही देतां येतो. विधवेस त्यांतून वगळतांही येतें. अशा वेळीं तिला पोटगीचा हक्क उरतो. पण दोन मर्यादा ध्यानांत धराव्या. वर सांगितलेल्या हिशेबांत पत्नीचे स्वतःचे जे गुंठे आले, ते पतीच्या मृत्युपत्रांत येऊं शकत नाहींत. तो आपलेंच देऊं शकतो. आणि मृत्युपत्र नोंदविलेलें असलें तरी तें शाबीत करावें लागतें. दोन साक्षीदारांच्या समक्ष सही झाली पाहिजे, व कोर्टांत त्यांपैकीं निदान एक साक्षीदार, हयात असल्यास, तपासला गेला पाहिजे. ज्यास लाभ होतो त्यानेंच तें लिहवून घेतलें, मयत अंथरुणास खिळलेला होता, पत्नीस व मुलींस कारण न देतां वगळलें, अशा संशयाच्या गोष्टी असतील, तर त्या दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढें आणणारावर असते. हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९५८ सालीं सांगितलें व अद्यापि तेंच चालतें. म्हणून मृत्युपत्रावरून फेरफार घातल्याची नोटीस आली तर घाबरून न जातां हरकत द्यावी; मृत्युपत्र खरें कीं खोटें हें ठरविण्याचा अधिकार महसुली अधिकाऱ्यास नाहीं, तो दिवाणी न्यायालयाचा आहे.

हरकत ही लेखीच असावी. ती दिली म्हणजे प्रकरण तक्रारी नोंदवहींत जातें व दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल होत नाहीं. चावडीवर लागलेली नोटीस घरांतल्या बाईनें कशी पाहावी, ही पूर्वींची अडचण आतां कमी झाली आहे, कारण "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावर गांववार प्रलंबित फेरफार पाहतां येतात. शाळेंत जाणाऱ्या नातीस हें काम सांगितलें तरी ती करील. त्याचप्रमाणें नोंदविलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन वर्षांतून एकदोनदां तपासावी. हवेलींत दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्या अनेक असल्यामुळें एकाच कचेरींत शोध घेऊन थांबूं नये.

फेरफार विरुद्ध गेलाच तर प्रांताकडे अपील ६० दिवसांत करावें. उशीर झाला असेल तर कारण देऊन तो माफ करण्याची विनंती करतां येते. पण अपिलावर अपील करीत महसुली कचेऱ्यांतच वर्षें घालविणें हें मला पसंत नाहीं. ज्या वादांत दस्त खोटा आहे किंवा हिस्सा नाकारला आहे, तो वाद शेवटीं दिवाणी न्यायालयांतच जातो. मग तेथें लवकर कां जाऊं नये? विशेषतः मुदतीचा प्रश्न आहे. बाईनें ज्या कागदावर फसवणुकीनें सही केली, तो रद्द करण्याचा दावा, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. म्हणून कळलें कधीं व कशावरून, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें; सूची दोनच्या नकलेवरील तारीख येथें उत्तम पुरावा होते. जो दस्त तिनें केलाच नाहीं, उदाहरणार्थ एकट्या मुलानें सबंध जमीन विकली, तो तिच्या हिश्श्यावर बंधनकारक नाहीं असें ठरवून मागावें व त्याच दाव्यांत वांटणी मागावी. मुलास स्वतःच्या हिश्श्यापलीकडे विकतां येत नाहीं, आणि घेणारासही तेवढाच हिस्सा मिळतो.

दावा लागल्यावर जमीन तिसऱ्याच्या घशांत जाऊं नये यासाठीं मनाईहुकूम मागावा. शिवाय मुंबई प्रांताच्या १९३९ च्या दुरुस्तीनें चालू दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदविण्याची रीत घालून दिली आहे. ती नोटीस दाव्याबरोबरच नोंदवावी. पुष्कळ पक्षकार ही गोष्ट विसरतात व मागाहून खरेदीदार "आम्हांस दाव्याची खबर नव्हती" असें म्हणावयास मोकळा राहतो. एखादा वारस आपला हिस्सा परक्यास विकूं पाहत असेल, तर हिंदु वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणें तो घेण्याचा पहिला हक्क इतर पहिल्या वर्गाच्या वारसांचा असतो, व हें शेतजमिनीसही लागू आहे असें २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. खोटी सही किंवा बनावट बाई उभी करून दस्त केला असेल, तर पोलिसांत फिर्यादही द्यावी; भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३८ प्रमाणें मृत्युपत्र व किमती दस्तऐवज बनावट करण्यास दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मात्र फौजदारीनें जमीन परत मिळत नाहीं, दिवाणी दावा लावावाच लागतो.

वकिलाची फी कोठून आणावी, असें विधवा म्हणते, आणि तेथेंच पुष्कळ हक्क बुडतात. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणें कोणतीही स्त्री, तिचें उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहे. तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधि सेवा समिती असते. तेथें साधा अर्ज करावा. ही तरतूद आपल्या वाचकांपैकीं फार थोड्यांस माहीत असावी.

येथवर पतीच्या मागें काय करावें तें सांगितलें. परंतु या मासिकाचे वाचक बहुतेक खातेदार पुरुष आहेत, आणि त्यांना हयातींतच जें करतां येईल, त्याचा खर्च व त्रास दोन्ही पुष्कळ कमी. चाकणजवळच्या आंबेठाण येथें राहून शेती करणारे व शेतकरी संघटना उभी करणारे कै. शरद जोशी यांनीं "लक्ष्मीमुक्ती" नांवाची चळवळ काढली होती. शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा कांहीं भाग राजीखुशीनें पत्नीच्या नांवें करावा, अशी ती होती. कांदा-आंदोलन सर्वांच्या लक्षांत राहिलें, ही चळवळ मात्र आपल्याच तालुक्यांत विसरली गेली. १९९२ सालीं सरकारनेंही त्याच नांवाची योजना काढून, पतीनें अर्ज केल्यास पत्नीचें नांव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली.

तथापि नोंदीनें मालकी होत नाहीं असें वर लिहिलें आहे, त्याच न्यायानें केवळ नांव लावून थांबूं नये. स्वकष्टार्जित शेत किंवा राहतें घर असेल, तर त्याचें बक्षीसपत्र पत्नीस नोंदवून द्यावें. पती-पत्नींतील अशा बक्षीसपत्रास महाराष्ट्रांत मुद्रांक शुल्क २०० रुपये ठेविलेलें आहे; स्थानिक अधिभार व नोंदणीचा खर्च निराळा. वडिलोपार्जित जमिनींतील अविभक्त हिश्श्याचें बक्षीसपत्र मात्र चालत नाहीं. तेथें एकतर हयातींतच सर्वांची वांटणी करून पत्नीचा हिस्सा निराळा काढावा, नाहींतर मृत्युपत्र करावें. मृत्युपत्रास स्टँप लागत नाहीं. साक्षीदार आपल्याहून वयानें लहान व लाभ न होणारे निवडावे, एक डॉक्टर असल्यास उत्तम. कोणती गट नंबरची जमीन, किती क्षेत्र, हें सातबाऱ्यावरून तंतोतंत लिहावें. मृत्युपत्र सीलबंद लखोट्यांत जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय नोंदणी कायद्याच्या कलम ४२ मध्यें आहे. तेथें ठेवल्यास त्याची पावती व घरांतील इतर मूळ दस्त कोठें आहेत, हें पत्नीस व एका मुलीस अशा दोघींना सांगून ठेवावें.